गोड्या विहिरीचं पाणी

आमच्या गावात नवी सून आली की पहिल्याच दिवशी तिला कोणीतरी सांगतं, डाळीला गोडं, भांड्याला खारं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपली तुरीची डाळ बोअरच्या पाण्यात चढवली आणि बसले वाट बघत. जळण संपत आलं तरी डाळ काही शिजेना. नवरा ताटावर बसला, वाटीत बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाला, "अवं, हे वरण हाय का गारगोट्यायचा रस्सा?" मला रडूच कोसळलं. तेवढ्यात मागच्या दारातून शेजारची खाला आली, कमरेवर कळशी. भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू गेलं होतं. "रडू नको बेटी. हे घे गोडं पाणी. यात चढव," म्हणाली. त्या घरात आल्यावर मला आपलं म्हणणारं पहिलं माणूस ती.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. भातकुली, दर्यापूर आणि तिकडे अकोल्याच्या अंगाला, पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी जमीन काळीभोर, कापूस-तूर-सोयाबीन झकास. पण बोअर मारला की खाली मिठाचं पाणी. साबणाला फेस येत नाही. चहात दूध टाकलं की फाटतं. धुतलेल्या हंड्यावर वाळल्यावर पांढरा थर धरतो. मोठ्या धरणावरून एक पाइपलाइन आलेली आहे, तिला पाणी येतं तेव्हा येतं. मध्येच कुठे फुटली की बसा बोंबलत.

अशा गावात नाल्याच्या काठाला एक गोडी विहीर. खालाच्या सासऱ्यानं खणलेली. त्यांच्या शेताच्या कडेला होती, पण त्या माणसानं जिवंतपणीच ती गावाला देऊन टाकली. आता तिच्यावर पंचायतीची मोटर आहे, शेजारी छोटी टाकी आणि टाकीला नळ. गाव पितं ते हेच पाणी. सोयरा आला तर गोडं पाणी. मुलगी बघायला पाहुणे आले तर गोडं पाणी. बाळंतिणीला गोडं, आजाऱ्याला गोडं, मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचं तेही गोडं. सोयऱ्यापुढे खारं पाणी ठेवलं म्हणजे नाक कापून हातात दिलं. एवढ्या वर्षांत मीही तेच शिकले. जिभेला गोड लागलं की पाणी चांगलं, यात तपासायचं काय?

मग वरून हुकूम आला की प्रत्येक गावात पाणी तपासायला बाया नेमा. ग्रामसेवकानं दहावी झालेल्या बाया शोधल्या. बाकीच्यांना सासवांनी सोडलं नाही. माझी सासू तोवर गेली होती, म्हणून मी सापडले. भातकुलीला प्रशिक्षण झालं, चहा-बिस्किटं झाली आणि येताना हातात एक पेटी. त्या पेटीतल्या बाकीच्या भानगडी सोडा. एक बाटली मात्र कामाची. तिच्यात औषध आधीच घातलेलं असतं. पाणी भरायचं, झाकण लावायचं, ठेवून द्यायची. पाणी चांगलं असलं तर रंग पालटत नाही. पाण्यात घाण असली, आणि घाण म्हणजे संडासातली, स्पष्टच सांगते, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट.

पहिल्या पावसाळ्यात मी खाऱ्या बोअरची बाटली भरली आणि गोड्या विहिरीची भरली. खाऱ्याची जशीच्या तशी राहिली. गोड्याची काळी झाली.

मला वाटलं माझेच हात घाण असतील. हात घासून पुन्हा भरली. पुन्हा काळी. प्रशिक्षणातल्या मॅडमना फोन लावला तर त्यांनी विचारलं, विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे? वरच्या अंगाला नवी वस्ती आहे, घराघराला संडास झालेत आणि त्यांचे शोषखड्डे. काळी जमीन उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. वरून पाऊस पडला की सगळं त्या भेगांतून खाली. विहीर गोडी का, तर नाल्यातलं आणि वरचं पाणी तिच्यात मुरतं म्हणून. आणि ते मुरून येताना काही एकटं येत नाही.

उपाय काही अवघड नव्हता. टाकीत ब्लिचिंग पावडर कालवून टाकायची, रोज, मापानं. पंचायतीत पावडरीची पोती येत होती, संपतही होती. मग बाटली काळी का? मी नळ सोडणाऱ्या गड्याला गाठलं. चांगला माणूस, मला काकू म्हणतो.

"पावडर टाकतो ना रे?"

"टाकतो ना काकू. रोजच्या रोज."

"मग जाते कुठं?"

त्यानं खालमानेनं सांगितलं, "खाऱ्या बोअरच्या टाकीत टाकतो. गोड्यात टाकली का लोक माह्या आईमाईचा उद्धार करतात. म्हणतात, गोड्या पाण्याचं वाटोळं केलं, दवाखान्याचा वास येते. खाऱ्यात टाकली तं कोणी बोलत नाही."

"अरे पण खारं पितं कोण?"

"कोणीच नाही. म्हणून तं बोलत नाहीत."

आता यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं? जे पाणी कोणी तोंडात घेत नाही ते अगदी शुद्ध, आणि पितो त्यात थेंब नाही. असलं शहाणपण खारपाणातच पिकतं. दुसरीकडे कोणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही. सरपंचाकडे गेले, तो म्हणाला, "पाहतो." पंचायतीतलं "पाहतो" म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

मी माझ्यापुरतं पाणी उकळायला लागले. नवरा चिडवायचा, "गोड्या पाण्याले जाळून राहिली!" एवढ्यावर निभलं असतं. पण त्याच्या पुढच्या वर्षी लेकीला दिवस गेले.

एकुलती एक लेक, अकोल्याला दिलेली. जावई अडतीच्या दुकानात कामाला, माणूस सरळ. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातवा लागल्यावर आम्ही तिला आणायला गेलो. निघताना विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडच्या पाण्याचं तेवढं पाहा बरं." त्यांच्याकडे कॅन येतो पाण्याचा. मला अशी मिरची झोंबली म्हणून सांगू! पण बोलल्या त्यात खोटं काय होतं? एसटीत लेक माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि मी सारा रस्ता एकच घोकत आले: ही आणि हिच्या पोटातलं, दोघं धडधाकट परत गेली पाहिजेत.

घरी आल्यावर मी नियमच केला. लेकीनं प्यायचं ते उकळलेलं. चूळ भरायचीसुद्धा त्याचीच. नवरा मात्र रोज सकाळी गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून गोड्या विहिरीवर हजर. लेक आली म्हटल्यावर त्याला काय करू नि काय नको झालेलं. "माह्या बाईले पयल्या धारेचं गोडं पाणी पाजतो," म्हणायचा. मी ते कॅन घेऊन सरळ पातेल्यात ओतायचे आणि गॅस लावायचे.

"अवं, चव जाते त्याची!"

"जाऊ द्या. पोरगी राहिली म्हणजे झालं."

"तुह्या बाटलीनं डोकं फिरवलं तुहं. आमचा बाप हेच पाणी पेला, आजा पेला."

"तुमच्या आज्याच्या वेळी वरच्या अंगाला एवढे संडास होते का?"

मग तो उठून बाहेर जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅन घेऊन विहिरीवर. भांडणात मी जिंकायचे आणि सकाळी तो जिंकायचा, असं चाललं होतं.

मग डोहाळजेवण आलं. आमच्या गावात याची एक वेगळी रीत आहे. गल्लीतली प्रत्येक बाई येताना ओटीसोबत गोड्या पाण्याचा तांब्या आणते आणि पोटुशीला आपल्या हातानं एक घोट पाजते. खारपाणातल्या माणसाजवळ याहून मोठं द्यायला काय असणार? मी आठवडाभर आधीपासून दारोदार फिरले. म्हटलं, बायांनो, फुलं आणा, बांगड्या आणा, वाटलं तर रिकाम्या हातानं या, पाणी तेवढं आणू नका. बाटली काळी होऊन राहिली. काही हसल्या. एक म्हणाली, "काकू, अकोल्याच्या झाल्या वाटतं तुमी." सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी लेक हिरवी साडी नेसून पाटावर बसली होती, गजरा, हातभर बांगड्या. लेकीला असं बघून माझा जीव सुपाएवढा झाला. पहिला मान खालाचा. लेक लहानपणी अर्धी तिच्याच घरी वाढलेली. खाला आली, तिनं लेकीची दृष्ट काढली, कानशिलांवर बोटं मोडली आणि तांब्या तिच्या ओठांशी नेला. मागे बायांची रांग, प्रत्येकीच्या हातात तांब्या.

आणि मी पुढे झाले, तांब्या खालाच्या हातातून घेतला आणि अंगणात ओतून दिला.

विचार करून केलं असतं तर काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. विचार केलाच नाही. ओठांपाशी गेलेला तांब्या दिसला आणि हात गेला. आमच्याकडे दूध सांडलं तर कोणी ओरडत नाही, पण गोडं पाणी मातीत ओतलेलं कोणी पाहिलं नव्हतं. सगळ्या बाया गार.  खालानं रिकामा तांब्या माझ्या हातातून घेतला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि गेली. बाकीच्या बायांनी ओट्या भरल्या, पण पाणी पाजायची कोणाची हिंमत झाली नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मुसलमानाच्या हातचं होतं म्हणून ओतलं.

मला ते दळण घेऊन येणाऱ्या एका बाईनं सांगितलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी? जिच्या कळशीवर माझा संसार उभा राहिला तिच्याशी मी असं वागेन? आणि बोलत होतं कोण, तर जी सारी त्याच विहिरीचं पाणी आयुष्यभर पीत आली तीच माणसं! कोणाच्या तोंडाला हात लावणार? मी बाटली पदराखाली घेतली आणि खालाकडे गेले. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी बाटली तिच्यापुढे ठेवली. काय आहे, कशानं काळी होते, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बेटी, माह्या सासऱ्याच्या हाताले फोड आले होते ती विहीर खणताना. लोकायच्या दुआ हायेत तिच्यात. तू म्हणतं त्यात गू हाय."

मी म्हटलं, "आहे, खाला."

ती तांदळाचं सूप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून लेक दुपारची खालाकडे जाऊन बसायला लागली. मला बरं वाटलं. म्हटलं, आपल्या जिभेला हाड नाही, पोरगी तरी गोडीनं सांधेल. आणि सांधलंही. पंधरवडा गेला असेल, खाला भिंतीवरून मला पुन्हा हाक मारायला लागली. गल्लीतल्या बायाही लेकीला बोलवायच्या, कोणी शेवया खाऊ घालायची, कोणी पापड. ती हसत जायची, हसत यायची. मी घरात पाणी उकळत होते.

महिनाभरानं तिचं जेवण सुटलं. उलट्या. अशा दिवसांत होतं, असं मीच म्हटलं. मग एका सकाळी ती अंगणात उभी होती, ऊन तोंडावर, आणि मला तिचे डोळे दिसले. हळदीसारखे पिवळे.

गावात त्याच आठवड्यात आणखीही दोन-तीन घरांत कावीळ निघाली होती. नवरा म्हणाला, काविळीची माळ देणारा एक आहे, त्याच्याकडे नेऊ, गळ्यात माळ घातली की उतरते. मी म्हटलं, माळ तुम्ही घाला, मी पोरीला अमरावतीला नेते. अशी ओरडले की तो मुकाट्यानं गाडी सांगायला गेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. पोटुशी बाईची कावीळ साधी नसते, आईच्याही जिवावर येते, असं त्यांनी आम्हाला आडपडदा न ठेवता सांगितलं. मग विचारलं, "पिण्याचं पाणी कुठलं?"

नवऱ्यानं सांगितलं, "गोड्या विहिरीचं, मॅडम. आमी चांगलं पाणी पितो."

त्याला सवयच होती तसं सांगायची. सांगून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडायचं बळच उरलं नव्हतं.

रात्रंदिवस मी तिच्या उशाशी होते. एकदा जरा हुशारी वाटल्यावर मी तिला विचारलं, "बाई, घरात तं मी एक थेंब कच्चा ठेवला नव्हता. मंग हे कुठून आलं?"

ती म्हणाली, "मी प्याली आई. खालाच्या घरी. रोज. बाकीच्यायच्या घरीही प्याली."

"मी तुले सांगितलं नव्हतं का वं?"

"सांगितलं होतं. बाटलीही पाह्यली होती. पण खालानं तांब्या पुढं केला अन् मी नाही म्हटलं असतं, तं लोक बोलून राहिले होते तेच खरं झालं असतं ना. मंग तू गावात राहिली असती कशी?"

मी तिचे पाय दाबत बसले. माझ्यासाठी प्याली पोरगी. माझ्या एका तांब्याची भरपाई तिनं घोटाघोटानं केली. त्या दिवशी मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. गावाला, सरपंचाला, त्या वासाला नाकं मुरडणाऱ्यांना. खालालाही घातल्या, खोटं कशाला बोलू?

खाला दवाखान्यात आली ती दोन गाड्या बदलून. कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली. "मेरे हाथ से पिया इसने," एवढंच म्हणाली, आणि तिला असं रडू फुटलं की नर्स धावत आली. मग मीच तिला बाहेर नेऊन चहा पाजला. माझा राग कुठे गेला ते मला कळलंही नाही. दोघी बाकावर बसून राहिलो. ती तसबीहची माळ ओढत होती आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्या डॉक्टरांची तोंडं बघत होते.

बाळ वेळेआधी झालं. मुलगी. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी, काचेच्या पेटीत नळ्या लावून ठेवलेली. लेकीची शुद्ध मध्येच जायची, मध्येच यायची. त्या दिवसांबद्दल मला जास्त सांगता येत नाही. देवाची कृपा म्हणा, त्या डॉक्टरीण बाईची म्हणा, दोघी वाचल्या. पण दवाखान्यातून दोघी सरळ अकोल्याला गेल्या. विहीणबाई न्यायला आल्या होत्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. बाळंतीण माहेरच्या उंबऱ्याला न शिवता सासरी गेली आणि घरात शेक-शेगडीची, डिंकाच्या लाडवांची सगळी तयारी तशीच पडून राहिली. नवऱ्यानं नातीसाठी आणलेला पाळणा माळ्यावर चढवला.

गावात मग आरोग्य खात्याची माणसं आली. विहीर उपसली, टाकी घासली, पावडर पडायला लागली. दारोदारी सांगणं झालं. काविळीनं गाव भ्यालं होतं. लोक नाक दाबून प्यायले. खाला तर स्वतः टाकीपाशी जाऊन बसायची आणि नळ सोडणाऱ्याला म्हणायची, "टाक रे बाबा, माह्या डोळ्यापुढं टाक." हिवाळाभर बाटली काळी झाली नाही. मला वाटलं, सुटलो.

उन्हाळ्यात गावात एक मोठं लग्न निघालं. अमरावतीचे वऱ्हाडी, तालेवार माणसं. चहाचा घोट घेतला आणि कोणीतरी पाहुणा म्हणाला, "चहाले औषधाचा वास येऊन राहिला." झालं. नवरीच्या बापाची भर मांडवात मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी टाकीपाशी हीऽ भांडणं. सरपंचानं नळ सोडणाऱ्याला सांगितलं, जरा हात आखडता घे. त्यानं आखडता घेतला, घेतला, आणि पावडरीचं पोतं पुन्हा खाऱ्या टाकीपाशी जाऊन पडलं. मी पंचायतीत जाऊन घसा फोडला. सरपंच म्हणाला, "काकू, मागच्या वर्षी झालं ते झालं. रोज रोज कावीळ होते का?" खाला म्हातारी, उन्हानं तिला चक्कर येऊ लागली तसं तिचं टाकीवर बसणं सुटलं. आणि मी थकले हो. एकाच गोष्टीसाठी किती वेळा भांडायचं माणसानं? भिंतीशी बोलले असते तर तिलाही पाझर फुटला असता.

पाऊस लागला. बाटली काळी झाली.

भादव्यात महालक्ष्म्या. आमच्याकडे हा सण दिवाळीपेक्षा मोठा. ज्येष्ठा-कनिष्ठा म्हणजे माहेरपणाला आलेल्या लेकीच. त्यांना बसवायचं, नटवायचं, आंबील-पुरणाचं जेवू घालायचं, आणि घरची लेकही त्या दिवसांत माहेरी पाहिजेच. लेकीचा फोन आला, यंदा येते, बाळाला घेऊन येते. विहीणबाईंनी कशीबशी परवानगी दिली होती. नात एव्हाना धरून धरून उभी राहत होती. नवऱ्यानं पाळणा माळ्यावरून काढून घासूनपुसून ठेवला. गल्लीत बातमी गेली आणि बाया विचारायला लागल्या, "कधी येते वं नात? जीभ गोड कराची हाय तिची." लेकरू पहिल्यांदा आजोळी आलं की प्रत्येक घरानं गोड्या पाण्यात बोट बुडवून त्याच्या जिभेवर लावायचं, हीसुद्धा आमची रीत. घरातलं पाणी मी उकळीन. पण लेकराला कडेवर घेऊन आमची लेक गल्लीतून जाणार, हाका येणार, आणि तिला कोणाला नाही म्हणता येणार नाही. तिचा स्वभाव मला माहीत होता. आणि मी तरी कोणाकोणाचे हात धरणार होते?

मी भीत भीत बायांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "हाव काकू, हाव." मागच्या वेळीसुद्धा असंच म्हणाल्या होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. पिशवी भरत होती. बाळाचं झबलं कोणतं आणू, तिथं गार असते का, नवी दुपटी आणू का, हे विचारत होती. मागे नातीचा आवाज, काहीतरी आपटत होती. मी हो हो म्हणत होते. मला तिला सांगायचं होतं, आणि ज्या तोंडानं मी सरपंचाला सोडलं नाही, नवऱ्याला सोडलं नाही, त्या तोंडातून एवढं एक वाक्य निघेना.

नवरा समोर बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फोन माझ्या हातातून घेतला.

"बाई," तो म्हणाला, "तू येऊ नको."

 मग लेकीनं विचारलं, "बाबा, विहिरीत औषध टाकत नाहीत का?"

"टाकू देत नाहीत."

"मी उकळलेलंच पिईन ना. बाळालेही तेच पाजीन. आईची शपथ."

"तू पिशील बाई," तो म्हणाला, "पण कोणाले नाही म्हणशील?"

ती रडायला लागली. मग नात रडायला लागली. त्यानं फोन कानाशी तसाच धरून ठेवला, मध्येच म्हणाला, "आमी येतो, आमीच येतो तिकडं."

दुसऱ्या दिवशी मी महालक्ष्म्या बसवल्या. दोघींना साड्या नेसवल्या, दागिने घातले, पूजेच्या दिवशी पुरणाचं ताट पुढे ठेवलं. त्यांच्यासाठी पाण्याचा पेला भरला तो उकळून गार केलेल्या पाण्याचा. बाया हळदीकुंकवाला आल्या आणि विचारू लागल्या, लेक कुठं आहे, नात कुठं आहे.

"आली नाही," मी म्हटलं.

"काहून वं?"

मी कुंकवाची कोयरी पुढे केली.

"मीच येऊ दिली नाही," म्हटलं.